ते हात रेजिना टीचरांचे होते

आंतोनचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या ऑफिसात महिनाअखेरचा स्टॉक तपासत होते. आंतोन म्हणजे रेजिना टीचरांचा धाकटा भाऊ. तो कधी आपणहून फोन करत नाही, त्यामुळे त्याचा आवाज ऐकताच मी खुर्चीतून उठले. "सुषमाताई, आमची रेजिना गेली," तो म्हणाला, आणि मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. सकाळी त्या वाडीत मोगरा खुडून आल्या होत्या. ओटीवर बसल्या, आंतोनच्या बायकोकडे, म्हणजे वहिनीकडे, पाणी मागितलं, आणि वहिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी भुईगावच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. माती देताना मी रांगेत उभी होते, पण मला रडू आलं नाही. ते आलं चार दिवसांनी, आमच्याकडच्या एका साप्ताहिकातली छोटी बातमी वाचून. 'चित्रपटात हॅकरची भूमिका केलेल्या वसईच्या कन्येचे निधन.' टीचरांनी आयुष्यभर टायपिंग शिकवलं. ही बातमी त्यांच्यासमोर आली असती, तर त्यांनी लाल पेन काढून आधी 'भूमिका' हा शब्द खोडला असता आणि मग बाकीची सगळी ओळ. आज त्यांना जाऊन दोन महिने झाले. ती ओळ कुणीतरी नीट लिहायला हवी, म्हणून मी बसले आहे.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरीच झाली. मी रविवारी दुपारी गेले होते. वहिनींनी मटणाचं आंबटतिखट इंद्याल वाढलं होतं आणि टीव्हीवर कुठलासा सिनेमा लागला होता. त्यात एक पोरगेलासा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, कानाला यंत्र, खोलीत अंधार, आणि तो कीबोर्ड असा बडवत होता की ताशावाल्याने बघत राहावं. पडद्यावर लाल अक्षरं धावत होती. कुठल्यातरी देशाचं संरक्षण खातं त्याने अर्ध्या मिनिटात उघडलं. टीचर घास हातात धरून बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "सुषमा, ह्याने एकदाही स्पेसबार दाबला नाही." मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच त्या माणसाची काळजी वाटत असावी, की हा आता परीक्षेत नापास होणार.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. लग्न होऊन विरारला फुलपाड्यात राहायला आले होते. गोखिवऱ्याच्या एका लहान कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होते. तिथे एके दिवशी मालकांनी कॉम्प्युटर आणून ठेवला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बी.कॉम. होते. मला त्या यंत्राची इतकी धास्ती होती की पहिले आठ दिवस मी त्याच्यावरची धूळच तेवढी पुसली. कुणीतरी सांगितलं, वसईला पारनाक्याजवळ एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या टीचरांनी आता कॉम्प्युटरही आणलेत. जिना चढून वर गेले तर एका खोलीत बारा टाइपरायटर खडखडत होते, आणि काचेच्या दाराआड, जिथे चपला काढून जायचं, तिथे दोन कॉम्प्युटर सुती झबली घालून बसले होते. झबली टीचरांनी स्वतः शिवलेली. त्या चाळिशीच्या, उंच, रुंद मनगटांच्या, साडीचा पदर कमरेला खोचलेल्या. लहानपणापासून वाडीत केळीचे घड उचलून आणि रहाटाचं पाणी काढून त्यांचे हात थोराड झाले होते. पण कीबोर्डवर आले की ते हात हलतच नसल्यासारखे दिसायचे. बोटं जागची उठायची नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, बाई नुसत्या विचार करत बसल्यात, आणि तेवढ्यात पान पूर्ण झालेलं असायचं.

त्यांनी मला पहिले दोन दिवस काहीही शिकवलं नाही, फक्त बसायला लावलं. पाठ सरळ, पाय जमिनीला, कोपर अंगालगत. तिसऱ्या दिवशी माझ्या हातांवर रुमाल टाकला, म्हणजे मी अक्षरं बघून टाइप करू नये. मी चुकले की रागावत नसत. त्या म्हणत, मी दिवसातून शंभरदा बॅकस्पेस दाबते, तुला दाबायला काय लाज. शिकत शिकत मी कधी त्यांना मदत करायला लागले आणि शनिवार-रविवारचे वर्ग कधी घ्यायला लागले, ते आता आठवतही नाही. त्या काळात टीचर स्वतः प्रोग्राम लिहायला शिकत होत्या. शिकवणारं कुणी नव्हतं. जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश, आणि वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी. त्यांनी केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. दीडशे वर्षांच्या वह्या, वाळवीने खाल्लेल्या, निरनिराळ्या फादरांच्या अक्षरांतल्या. एकच पास्कू कुठे पास्कल, कुठे पास्काल, कुठे नुसताच बापाच्या नावाने लिहिलेला. गावातल्या माणसाला दाखला हवा असला की बिचाऱ्या फादरांचा दिवस जायचा. टीचरांनी तीन वर्षं दर संध्याकाळी बसून ते सगळं उतरवलं, आणि नाव कसंही लिहिलेलं असलं, उलटसुलट असलं, तरी माणूस सापडावा अशी सोय केली. हे काम कुणाच्या बातमीत आलं नाही. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. एक बाई, एक वही, एक दिवा.

सिनेमावाले आले ते माझ्यामुळे. आमच्या कारखान्याच्या शेजारची एक बंद शेड त्यांनी शूटिंगला घेतली होती. त्यांचा एक माणूस आमच्या ऑफिसात विचारत आला, इथे कुणी भराभर टायपिंग करणारं आहे का. सिनेमाचा हिरो कॉम्प्युटरचा जादूगार होता, पण प्रत्यक्षात त्याला दोन बोटांनीही टाइप करता येत नव्हतं. त्यामुळे जवळून घ्यायच्या दृश्यात दुसऱ्याचे हात हवे होते. मी लगेच टीचरांचं नाव सांगितलं. त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांना कुतूहल होतं, आणि त्यांच्या आईला तो हिरो फार आवडायचा. आम्ही दोघी गेलो. टीचरांचे हात बघून मेकअपवाला खूश झाला. पुरुषी आहेत म्हणाला, आणि टीचरांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. बांगड्या काढल्या, मनगटावर स्टीलचं जाड घड्याळ बांधलं, काळ्या कोटाच्या बाह्या चढवल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि त्यांनी विचारलं, काय टाइप करायचं. असिस्टंट म्हणाला, काहीही. टीचरांना ते कळेना. काहीही म्हणजे काय? मजकूर लागतोच की. शेवटी त्यांनी मनाशी एक मजकूर ठरवला आणि सुरुवात केली. कॅमेरा चालू झाला, थांबला. डायरेक्टर जवळ येऊन अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही करताय असं वाटत नाहीये."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्या वेळी आम्ही दोघी हसलो, पण घरी येताना रिक्षात टीचर एकेक बांगडी पुन्हा हातात चढवत होत्या. मग म्हणाल्या, ज्याला येत नाही त्याचेच हात जास्त हलतात, आणि ह्यांना तेच हवंय. स्वयंपाक दाखवायचा म्हणून नुसता जाळ दाखवावा, तसं. अर्थात त्यांनी ते दृश्य दिलं. हात वर उचलून, आपटून, डायरेक्टरला हवं तसं. पडद्यावरच्या कवट्या आणि धावते आकडे मुंबईहून आलेल्या कुणीतरी आधीच तयार करून ठेवले होते. त्यांचा आणि टीचरांच्या बोटांचा काहीच संबंध नव्हता. हिरो शत्रूचं क्षेपणास्त्र थांबवत असताना टीचर खरं काय टाइप करत होत्या, ते मला त्यांनी नंतर सांगितलं. गल्लीतला दिवा दोन महिने बंद आहे, तो सुरू करावा, असा ग्रामपंचायतीला अर्ज.

सिनेमा लागला तेव्हा आमचा अख्खा क्लास थिएटरात गेला. टीचरांची आई पहिल्या रांगेत. हात जेमतेम काही सेकंद दिसले, पण आम्ही टाळ्या पिटल्या. आणि मग मी ती चूक केली. क्लाससाठी नवी पत्रकं छापायची होती. टीचर चर्चमधल्या नऊ दिवसांच्या नोव्हेनाच्या गडबडीत होत्या, त्यांनी काम माझ्यावर सोपवलं. मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, 'सिनेमात झळकलेल्या कॉम्प्युटर एक्सपर्टकडून शिका.' नालासोपाऱ्यापर्यंत वाटली. टीचरांच्या हातात पत्रक पडलं तोवर उशीर झाला होता. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ह्यात शिकण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

माणसं यायला लागली, पण शिकायला नाही. एकाला बारावीचे मार्क वाढवून हवे होते. एका सासूबाईंना सुनेचे ई-मेल वाचायचे होते. एक गृहस्थ हळूच विचारून गेले की शेजाऱ्याचं टेलिफोन बिल वाढवता येईल का. आधी आम्हाला गंमत वाटली. मग लक्षात आलं की ह्या लोकांना टीचरांबद्दल आदर नव्हता, थोडी भीती होती. सिनेमातला कॉम्प्युटरवाला एक तर चोर असतो नाही तर वेडा. तो एकटा असतो, त्याला आई नसते, गाव नसतं, तो कधी कुणाला काही विचारत नाही, आणि त्याला कधी थांबावं लागत नाही. काचेआड कॉम्प्युटर घेऊन बसणारी, लग्न न केलेली बाई लोकांना आता तशीच दिसायला लागली. बाजारात त्यांना बघून दोघी कुजबुजल्या, तेव्हा मी सोबत होते. टीचर भाजी निवडत राहिल्या... त्या दिवशी मला पत्रकाची खरी लाज वाटली.

अशातच मोरेकाका आले. नालासोपाऱ्यात तुळिंजला राहणारे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे साताऱ्याकडचे. खाकी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माझं ते पत्रक घडी करून धरलेलं. त्यांचा थोरला मुलगा दत्ताराम वेल्डर होता. एका एजंटामार्फत आखातात गेला, दोन पत्रं आली, आणि मग सात महिने काहीच नाही. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. कंपनीचं नाव कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. काका बाकावर बसले आणि म्हणाले, सिनेमात नाव टाइप केलं की माणसाचा फोटोच येतो. टीचरांनी त्यांना समजावलं. तो सिनेमा आहे, हात माझे होते पण ते काहीच करत नव्हते, असं यंत्र माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. काका मान हलवत ऐकत होते. त्यांना वाटत होतं, ह्या मोठ्या बाई आहेत, उगाच कशाला हो म्हणतील. शेवटी ते उठले, त्यांनी पत्रक टेबलावर उलगडून ठेवलं आणि म्हणाले, "एकदा टाइप तरी करा, टीचर. नाही आलं तर नाही म्हणा."

टीचरांनी टाइप केलं. त्यांच्यादेखत, दत्ताराम मोरे. तेव्हा नुकतंच आलेलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत जोडलं जायचं. काका टीचरांच्या मागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. बराच वेळ काही आलं नाही. मग कुठल्यातरी परदेशी दुकानाचं पान आलं. टीचरांनी खुर्ची वळवली आणि म्हणाल्या, नाही आलं. पण तुम्ही पुढच्या शनिवारी या.

ते गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पत्रक माझ्याकडे सरकवलं. "हा माणूस तुझ्या ह्या ओळीवर विश्वास ठेवून तुळिंजहून आलाय," त्या म्हणाल्या. "आता ती ओळ आपल्याला खरी करायला लागेल. अर्धं तू कर."

पुढचे चार महिने आम्ही जे केलं, त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, ह्या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात. टीचर मिस्सा संपली की चर्चच्या दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, तुमचा कोण आहे तिकडे, कुठल्या गावी, कुठल्या कंपनीत, पत्ता द्या. मी फुलपाड्यातल्या आणि कारखान्यातल्या लोकांना विचारायची. मला आधी फार संकोच वाटायचा. यादी टीचरांनी कॉम्प्युटरवर केली. प्रत्येकाला पत्र, ज्यांचा ई-मेल होता त्यांना ई-मेल. साताऱ्याकडचा दत्ताराम मोरे नावाचा वेल्डर, डाव्या भुवईवर व्रण, कुठे दिसला का. वकिलातीला पत्रं, हॉस्पिटलांना पत्रं. उत्तरं यायची, बहुतेक नाही म्हणणारी. दर शनिवारी काका यायचे, बाकावर बसायचे, टीचर त्या आठवड्याची पत्रं त्यांना वाचून दाखवायच्या, आणि ते हात जोडून उठायचे. मी दुसऱ्या महिन्यातच थकले. एकदा तर टीचरांना म्हटलंही, की त्यांना सांगून टाकू, सापडत नाही. टीचर नव्या पाकिटावर पत्ता लिहीत राहिल्या.

दत्ताराम सापडला तो चर्चच्या वह्यांमुळे, असं मी म्हणेन. एका संध्याकाळी नकारांची पत्रं पुन्हा चाळताना टीचर अचानक म्हणाल्या, आपण सगळीकडे मोरे विचारतोय. तिकडच्या कारकुनाने बापाचंच नाव आडनाव म्हणून घातलं असलं तर? आमच्या जुन्या फादरांनी हेच तर केलंय सगळीकडे. काकांचं नाव बापू. आम्ही ज्यांनी ज्यांनी नाही म्हणून कळवलं होतं, त्या सगळ्यांना पुन्हा लिहिलं, की आता बापू शोधा, दत्ता बापू, डी. बापू, बापू दत्ताराम, काहीही. तीन आठवड्यांनी नंदाखालच्या एका माणसाचं उत्तर आलं. तो तिकडे कामगारांच्या छावणीत आचारी होता. त्याच्या मेसच्या यादीत मागच्या वर्षी एक बापू होता. भुवईवर व्रण होता. पाय मोडल्यावर कंपनीने त्याला काढलं, आता शंभर मैलांवरच्या गावात एका गॅरेजात चोरून काम करतो, कागदपत्रं नाहीत, आणि हे घरी कसं कळवावं ह्या लाजेनं पत्र लिहीत नाही.

पत्र आलं तो दिवस बुधवार होता. टीचर शनिवारपर्यंत थांबल्या नाहीत. आम्ही दोघी तुळिंजला गेलो. काका दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. टीचरांनी पत्र त्यांच्या हातात दिलं, पण त्यांनी ते परत पुढे केलं, तुम्हीच वाचा म्हणाले. मग टीचरांनीच वाचून दाखवलं. 'जिवंत आहे' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. काका आत गेले, नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं आणि शर्ट बदलला होता, जणू ड्यूटीवर निघाले आहेत.

दत्तारामला परत यायला आणखी एक वर्ष लागलं, पण तो आला. लंगडत आला. आता तुळिंजलाच त्याचं ग्रिलचं दुकान आहे. आणि मोरेकाका भेटेल त्याला सांगत राहिले, की रेजिना टीचरांनी बटण दाबलं आणि एका मिनिटात माझा पोरगा पडद्यावर आला. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला संताप आला. चार महिने, एवढी पत्रं, चर्चच्या दारातलं उभं राहणं, तो आचारी, सगळं पुसून पुन्हा तोच सिनेमा. मी टीचरांना म्हटलं, तुम्ही त्यांना खरं सांगा. त्या वेळी त्या टाइपरायटरला तेल घालत होत्या. म्हणाल्या, "त्यांना खरं माहितीये गं. दर शनिवारी ते त्या बाकावरच बसले होते. पण ते शनिवार त्यांना पुन्हा आठवायचे नसतील... असू दे एक मिनिट."

मला त्यांचं म्हणणं पुष्कळ वर्षं पटलं नव्हतं. आताही पूर्ण पटलंय असं नाही. सिनेमातलं ते एक मिनिट माणसांना हवं असतं, हे मला समजतं. पण त्या एका मिनिटाखाली रेजिना टीचरांसारखी माणसं दबून जातात. ती हळू असतात, विचारत फिरतात, चुकतात, बॅकस्पेस दाबतात, आणि काम करताना काही करताहेत असं वाटत नाही.

महिना भरल्यावरच्या मिस्सेनंतर आंतोन मला इन्स्टिट्यूटच्या खोलीवर घेऊन गेला. टाइपरायटर केव्हाच गेले, आता तिथे सहा कॉम्प्युटर आहेत. टीचरांचा स्वतःचा खिडकीपाशी. आंतोनने तो सुरू केला तर त्याने पासवर्ड मागितला. वहिनी, शेजारचे दोघे-तिघे, सगळे माझ्या खुर्चीमागे गोळा झाले. वहिनी म्हणाल्या, "तू उघडशील ना सुषमा? तुला त्यांनी सगळं शिकवलंय." मला त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवेना. मी कीबोर्डवर हात ठेवले, आणि काय करावं ते न कळून टेबलाचा खण ओढला. आत, अगदी वरच, पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. टीचरांच्या ठसठशीत अक्षरांत पासवर्ड लिहिलेला, आणि खाली, 'ज्याला लागेल त्याने उघडावा. यादीतली कामं अर्धी राहिलीत.'

आत एकच मोठी फाइल होती. मला वाटलं होतं, दत्तारामबरोबर ते काम संपलं. पण मी वर्ग घेणं सोडल्यावरही कितीतरी वर्षं लोक येत राहिले होते आणि टीचरांनी मला कधी सांगितलं नव्हतं. नाव, बापाचं नाव, गाव, शेवटचं पत्र कधी, आणि शेवटच्या रकान्यात 'सापडला', 'सापडली'. सात नावांपुढचा तो रकाना रिकामा होता. शेवटची नोंद त्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळची, अर्नाळ्याच्या एका बाईंनी दिलेली, बोटीवर गेलेल्या नवऱ्याबद्दल. आंतोनने खोलीची किल्ली मला दिली आहे. मी रविवारी सकाळी जाते, पाठ सरळ करून बसते आणि पत्रं लिहिते. परवा अर्नाळ्याच्या त्या बाई आल्या होत्या. बाकावर बसून, मी पत्र कधी संपवते त्याची वाट बघत होत्या. मी काही करतेय, असं त्यांना वाटत होतं की नाही, कोण जाणे.